कमळ, कुमुद आणि जलपर्णी : कुंडातील नावांचा इतिहास

१९७० साली सिडकोची स्थापना होऊन ठाणे खाडीच्या पूर्वेस नवे शहर वसू लागले. त्यापूर्वी आजच्या जुईनगरचा परिसर आगरी-कोळी वस्त्यांचा, भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. आता तेथील एखाद्या आवारातील सिमेंटच्या कुंडात अथवा गच्चीवरील टाकीत हौसेने 'कमळ' लाविले जाते. आणि रोपवाटिकेतून 'कमळ' म्हणून जे घरी येते ते पुष्कळदा कमळ नसतेच. हा दोष एकट्या विक्रेत्याचा नव्हे. एका शब्दाने अनेक शब्दांची जागा बळकावल्याचा तो परिणाम होय.

अमरकोशाच्या वारिवर्गात हा घोटाळा नाही. तेथे पद्म वेगळे, रात्री उमलणारे पांढरे कुमुद अथवा कैरव वेगळे, निळे इंदीवर वेगळे, आणि या उत्पलांच्या कंदास शालूक असे स्वतंत्र नाव आहे. कुमुद चंद्राचे व कमळ सूर्याचे, हा केवळ कविसंकेत आहे असे मानण्याची आपणांस सवय झाली आहे; वस्तुतः तो निरीक्षणाचा निष्कर्ष आहे. कमळाचे पान पाण्याच्या वर देठावर उभे राहते व त्यास चीर नसते. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते व देठापर्यंत चिरलेले असते. एवढी खूण ध्यानी ठेविली तर कोणीही फसणार नाही. कोंकणीतील 'साळक' हा शब्द शालूकाची आठवण देतो. कंदाचे नाव फुलावर गेले, असा अर्थबदल भाषांच्या इतिहासात दुर्मिळ नाही.

युरोपियनांनीही हीच गल्लत केली. १७५३ साली लिनियसने कमळास कुमुदाच्याच प्रजातीत बसविले. दहा वर्षांनी आदांसाँ याने त्यास निराळे काढून 'नेलुम्बो' हे नाव दिले. ते सिंहली 'नेलुम्' या शब्दावरून घेतलेले आहे. अलीकडील आनुवंशिक अभ्यासाप्रमाणे तर कमळ कुमुदापेक्षा काश्मीरच्या चिनाराला अधिक जवळचे ठरते. त्याहीपूर्वी, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे निघालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' ग्रंथात मलबारच्या वनस्पतींची नावे मल्याळम व अरबीबरोबर नागरी लिपीतही छापली गेली. त्या कामी रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोंकणी भाषक साहाय्यक होते, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांनी अधिक मनावर घेतली पाहिजे.

'चिवट' या विशेषणाचाही असाच विचार करावा लागतो. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात लातूर-मार्लियाक याने आपली संकरित कुमुदे मांडली (चित्रकार मोने याने ती तेथेच पाहिली). त्यांचा चिवटपणा हिमाच्या कसोटीचा होता. कोंकणपट्टीत हिम पडत नाही. येथे चिवट ती, जी वैशाखात तळे आटले तरी चिखलातील कंदाच्या आधारे तग धरते व आषाढात पाणी चढताच देठ लांबविते. आपले कुमुद या कसोटीस उतरते. परदेशी कसोटीचे लेबल वाचून येथे रोप निवडणे म्हणजे छत्रीऐवजी घोंगडी विकत घेण्यासारखे आहे.

याउलट गत जलपर्णीची. ही दक्षिण अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे आलेली. तिच्या निर्मूलनासाठी बंगालला १९३६ साली कायदा करावा लागला. परंतु नाव मिळाले शुद्ध संस्कृत घाटाचे! फिकट जांभळे फूल व हे कुलीन नाव यांमुळे ती देशी म्हणून कुंडात शिरते, आणि खरोखर देशी असलेले कुमुद मात्र 'वॉटर लिली' या नावाने परके होऊन विकले जाते. कुंडातील जादा जलपर्णी नाल्यात टाकली की ती तेथील पाणी झाकून टाकते. खालचा प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

म्हणून कुंडासाठी रोप मागताना नाव नेमके घ्यावे. सहा तास ऊन, तळाशी शेतातील चिकण माती व संथ पाणी एवढे असले की कुमुद जगते. कडेच्या उथळ भागात वेखंड लावावे. पाणकणीस लावायचेच असेल तर बुडविलेल्या कुंडीत कोंडून लावावे. तेही देशीच आहे, परंतु मोकळे सोडल्यास सारे कुंड व्यापते.