बूशेचा ‘हिवाळा’ : श्रमाकडून विलासाकडे

युरोपीय चित्रकलेत ऋतुचित्रणाची परंपरा मुख्यतः श्रमाची परंपरा होती. पंधराव्या शतकात लिंबूर्ग बंधूंनी बेरीच्या ड्यूकसाठी चितारलेल्या प्रार्थनाग्रंथातील फेब्रुवारीच्या पानावर शेकोटीपाशी बसलेली माणसे, लाकूड तोडणारा मजूर व गाढव हाकणारा वाटसरू दिसतो. ब्रूगेलच्या १५६५ मधील हिमचित्रात थकलेले शिकारी गावाकडे परततात. फ्रांस्वा बूशे (१७०३-१७७०) याने १७५५ मध्ये मादाम द पाँपादूरसाठी रंगविलेल्या चार ऋतूंच्या मालिकेत मात्र हा श्रम जवळजवळ लोप पावलेला आढळतो.

या मालिकेतील ‘हिवाळा’ या चित्रात गोठलेल्या परिसरात नक्षीदार घसरगाडीवर एक तरुणी बसलेली आहे. वस्त्राला फरची किनार आहे, हातांना फरचे आवरण आहे; गळा व छातीचा वरचा भाग मात्र उघडाच! तार्तर पोशाखातील पुरुष गाडी मागून ढकलतो आहे. चित्राच्या विशिष्ट आकारावरून ते दरवाजाच्या वरच्या भागी बसविण्यासाठी असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हा हिवाळा दालनात बसून पाहावयाचा होता.

प्रत्यक्षातील हिवाळा निराळा होता. १७०९ च्या जानेवारीत सीन नदी गोठली, शेतातील गहू जळाला व पाठोपाठ दुष्काळ आला. १७०९-१० या काळात फ्रान्समध्ये सुमारे ६ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असा इतिहासकार मार्सेल लाशिव्हेर यांचा अंदाज आहे. पॅरिसमध्ये जन्मलेला बूशे तेव्हा पाच वर्षांचा होता.

बूशेच्या कौशल्याची दखल घेऊनही त्याच्या चित्रांत सत्य नाही, अशी तक्रार दिदरोने १७६१ च्या प्रदर्शनावर लिहिताना केली होती. ही टीका रास्त असली तरी इतिहासाच्या अभ्यासकास ती अपुरी वाटते. कारण गाडी ढकलणारा माणूस चित्रात आहेच. श्रम नाहीसा झालेला नाही. त्याला परदेशी वेष चढवून प्रियकराच्या भूमिकेत उभे केले आहे. थंडीची झळ न लागणाऱ्या वर्गाला श्रम कोणत्या रूपात पाहणे रुचत होते, याचा हा अस्सल पुरावा होय, आणि या दृष्टीने चित्राचे खोटेपणच अधिक बोलके ठरते.

कोक व पोलाद उद्योगातून धनाढ्य झालेल्या हेन्री क्ले फ्रिक यांनी १९१६ मध्ये ही चारही चित्रे खरेदी केली. न्यूयॉर्कमधील त्यांचे निवासस्थान पुढे संग्रहालय झाले. मालिका तेथेच आहे.