तांडा थांबला कुठे? लदेणीच्या वाटेवरचं यवतमाळ

पुसद, दिग्रस, महागाव या भागात एसटीने फिरलात, तर 'तांडा' शब्द असलेल्या पाट्या दिसतात. आपण त्याचा अर्थ वस्ती असा घेतो. पण तांडा म्हणजे मुळात चालणारा काफिला. चालणाऱ्या गोष्टीचं नाव थांबलेल्या जागेला कसं मिळालं, हे आज आपण पाहू.

बंजाऱ्यांचा धंदा लदेणीचा. बैलांच्या पाठीवर गोणी लादायच्या, किनाऱ्याकडचं मीठ आत आणायचं, आतलं धान्य बाहेर न्यायचं. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांबद्दल लिहितो. 1803 मध्ये वेलस्लीची फौज वऱ्हाडात अडगाव, गाविलगडला लढली, तेव्हा तिलाही बंजाऱ्यांच्या धान्याची गरज होती.

इथे एक तुलना करू. अमेरिकेत मॉर्मन लोक 1846 मध्ये नाउव्हू सोडून निघाले आणि 1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. वाटेत त्यांनी वस्त्या वसवल्या, मागून येणाऱ्यांसाठी शेतं पेरून ठेवली. पण त्यांची वाट एकेरी होती. शेवटी आपली भूमी होती. बंजाऱ्यांची वाट फेऱ्याची. मुक्काम पावसाळ्यापुरता, पाणी आणि चारा बघून. वाट हेच घर.

मग ती मोडली कशी? 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. सडका झाल्या, गाड्या वाढल्या. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि बैलाच्या पाठीवरचं मीठ महाग ठरलं. वनकायद्याने चराई अडवली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर फिरणं हाच संशय झाला. तांडे थांबले ते असे, हौसेनं नव्हे. आणि थांबले तेव्हा चांगली काळी जमीन आधीच गावकऱ्यांकडे होती. म्हणून बरेच तांडे आपल्याला गावाबाहेर, माळाला, डोंगरउताराला दिसतात.

याच मातीतल्या गहुली तांड्यात 1 जुलै 1913 रोजी वसंतराव नाईक जन्मले. 'नाईक' म्हणजे तांड्याचा प्रमुख; वाट आणि मुक्काम ठरवणारा. ते 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. 1972 च्या दुष्काळात त्यांच्याच काळात रोजगार हमीची कामं निघाली. माणसाला गावातच काम मिळावं, हा त्यामागचा विचार.

गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. चालणं मात्र संपलं नाही. आजही दिवाळीनंतर कित्येक तांड्यांतून ऊसतोडीला ट्रक निघतात. लदेणीला अख्खा तांडा निघायचा, नाईक पुढे असायचा. आता म्हातारी माणसं मागे राहतात, लेकरांची शाळा मधेच सुटते, आणि वाट मुकादम ठरवतो. तेव्हा पाटीवर 'तांडा' वाचाल, तर एवढं विचारा: हा तांडा खरंच थांबला आहे का?