शुक्रवार, सकाळी पावणेनऊ

'सत्यकथे'ने मराठी नवकथा घडवली, हे आपण वर्गात शिकवतो. आकाशवाणीच्या वेळापत्रकाने काय घडवले, हा प्रश्न मात्र वाङ्मयेतिहासात क्वचितच विचारला जातो. नियतकालिकाचे अंक ग्रंथालयात बांधून ठेवलेले असतात. प्रक्षेपण हवेत विरते. पुणे केंद्राची आरंभीची वर्षे या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी रेडिओच्या सुया रेडिओ सिलोनकडे फिरवल्या. केसकरांच्या या सोवळेपणाची पुष्कळ थट्टा झाली, आणि ती अनाठायी नव्हती. पण रिकामी झालेली जागा कशाने तरी भरणे भाग होते. सुगम संगीत या नावाखाली भावगीताला जो सरकारी आश्रय मिळाला, तो काही अंशी या बहिष्काराचाच परिणाम होय.

अशा वेळी सीताकांत लाड यांच्या आग्रहातून पुणे केंद्रावर 'गीतरामायण' उभे राहिले. ते ज्यांच्याकडे सोपवले गेले ते ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले! पुढच्या दाराने घालवून दिलेला चित्रपट मागच्या दाराने आत आला, एवढेच नव्हे, तर त्याने देवघरात जागा मिळवली. नेमक्या शब्दांत प्रसंग उभा करण्याची आणि ठरल्या वेळात गाणे हातावेगळे करण्याची जी सवय गदिमांना चित्रपटाने लावली होती, तीच येथे कामी आली.

पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या सकाळी पावणेनऊला प्रक्षेपित झाले. दर शुक्रवारी एक नवे गीत, शनिवारी व रविवारी त्याचीच पुनरावृत्ती, असा क्रम पुढे वर्षभर चालला. वर्षाचे आठवडे ५२. पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला, पुढची रामनवमी लांबली आणि गीते ५६ झाली. महाकाव्याची सर्गसंख्या पंचांगाने ठरवावी, हे छापील ग्रंथाच्या बाबतीत संभवले नसते. (पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि लाडांनी कवीला खोलीत कोंडून ते पुन्हा लिहवून घेतले, अशी एक कथा सांगतात. ती थोडी रंगवलेली असेलही. पण घड्याळाचा धाक तिच्यात खरा आहे.)

या धाकाने रचनाही ठरवली. मागचा शुक्रवार चुकलेला श्रोता गृहीत धरायचा, म्हणजे प्रत्येक गीत स्वतःच्या पायावर उभे हवे; कोण बोलते आहे आणि कुणाशी, हे सुरुवातीच्या ओळींतच कळायला हवे. त्यामुळे निवेदक मागे सरला आणि पात्रेच बोलू लागली. 'गीतरामायणा'तील नाट्यात्मकतेचे श्रेय आपण कवीच्या प्रतिभेला देतो. त्यातला थोडा वाटा पंधरा मिनिटांच्या चौकटीलाही द्यायला हवा. पहिल्याच गीतात कुश-लव गातात आणि राम ऐकतो. नभोवाणीसाठी लिहिणाऱ्या कवीने नायकाला प्रथम श्रोता करून बसवावे, ही मला विलक्षण गोष्ट वाटते. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना गायला पाठवतात. म्हणजे वर्ष संपताना आपण पुन्हा पहिल्या शुक्रवारपाशी येतो.

याच सुमारास व्यंकटेश माडगूळकरही पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात रुजू झाले. लेखकाला नोकरीवर ठेवणारे कार्यालय, ही त्या काळच्या आकाशवाणीची एक ओळख होती. तिच्याबद्दल स्वतंत्रपणेच लिहायला हवे.

पुढचा इतिहास वेगाने बदलतो. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली आणि चित्रपटगीते सन्मानाने परतली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर येथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. वेळ आता सेकंदांत मोजून विकला जाऊ लागला. २००१ साली बंगळूरपासून खासगी एफएमचे पर्व सुरू झाले आणि ते पुण्यातही आले; तेथे निवेदक अखंड बोलत असतो, पण लिहिलेला शब्द त्याला फारसा लागत नाही. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला, तेव्हा विरोध झाला आणि तो आदेश स्थगित झाला.

'गीतरामायण' मात्र केव्हाच केंद्राबाहेर पडले होते. १९५७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले; पुढे फडक्यांच्या मंचीय कार्यक्रमांनी आणि ध्वनिमुद्रिकांनी ते घरोघरी नेले. मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, लता मंगेशकर असे अनेक आवाज होते. आज आपले विद्यार्थी ऐकतात ते बहुधा एकट्या फडक्यांच्या आवाजातले. दोन गीतांमधला आठवड्याचा विराम तर कुठल्याच आवृत्तीत उरलेला नाही.