तीन व्होल्टचे कूळ

आनेकल तालुक्यातल्या बोम्मसंद्र औद्योगिक वसाहतीत रेवा ही विजेवर चालणारी मोटार तयार होत असे. २००१ साली बाजारात आलेल्या या इवल्याशा गाडीत सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. चार्जर गाडीतच बसवलेला. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्लग खोचला की झाले. भिंतीकडून गाडीकडे वीज जाई. दोघांत बोलणे मात्र काहीच होत नसे.

आज विजेच्या मोटारीला चार्जरची गन लावली की आधी बोलणे होते, मग वीज येते. त्या बोलण्यात एक खूण अशी आहे, की तिचे आणि रेवाचे कूळ एकच असावे.

गनमधल्या जाड पिनांशेजारी ‘कंट्रोल पायलट’ नावाची एक बारीक पिन असते. चार्जर तिच्यावर एक हजार ओहमच्या रोधातून १२ व्होल्ट ठेवतो. गन लागताच गाडीतला रोध तो दाब ९ वर उतरवतो: गाडी आली. गाडीने आणखी एक रोध जोडला की ६: वीज सोडा. किती अँपिअर घेता येतील ते चार्जर सेकंदाला हजार स्पंदने पाठवून, त्यांच्या रुंदीतून कळवतो. स्पंदन निम्मा वेळ चढे राहिले तर ३० अँपिअर. फक्त ५ टक्के राहिले तर पुढची बोलणी डिजिटल; सीसीएस जलद चार्जरमध्ये ती याच तारेवरून होमप्लग तंत्राने चालतात. होमप्लग मुळात घरातल्या विजेच्या तारांमधून इंटरनेट नेण्यासाठी घडले, मोटारीशी त्याचा काही संबंध नव्हता.

आणि ३ व्होल्ट? वीज सोडा, पण खोलीत हवा खेळती ठेवा.

लिथियमच्या गाडीला चार्ज होताना ही सूचना द्यावी लागत नाही. शिसे-आम्ल बॅटरीला लागते. ती भरत आली की तिच्यातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले तर एक ठिणगी पुरते. म्हणून ही खूण त्या बॅटरीच्या काळाची मानावी लागते, आणि तो काळ शोधताना वाट कॅलिफोर्नियाकडे वळते. १९९० मध्ये त्या राज्याने धूर न सोडणाऱ्या गाड्या विकण्याची सक्ती केली. १९९६ मध्ये तिथे आलेली जनरल मोटर्सची ईव्ही-१ आधी शिसे-आम्लावरच धावली. त्याच वर्षी अमेरिकेत जे-१७७२ हे चार्जिंगचे मानक प्रथम छापले गेले. कंट्रोल पायलटची आजची भाषा त्याच परंपरेतली. आणि रेवा? बेंगळुरूचा मैनी समूह आणि कॅलिफोर्नियातली अमेरिगॉन कंपनी यांच्या १९९४ च्या भागीदारीतून ती जन्मली. एकाच हवेत वाढलेली ही दोन भावंडे आहेत: एक मानकात शिरले, दुसरे बोम्मसंद्रला आले.

यावर हरकत घेता येते. पायलट तार या मानकाहून जुनी आहे. खाणीतल्या यंत्रांच्या लांब केबलमध्ये ती असते आणि अर्थिंग तुटले की वीज तोडते. मग हे कूळ बॅटरीचे कसे, ते खाणीचे नव्हे काय? तारेपुरती हरकत मान्य करावी. कंट्रोल पायलटही अर्थिंग शाबूत असल्याची खात्री करतो, आणि गाडीतल्या डायोडमुळे चार्जरला खरी गाडी आणि ओला हात यांतला फरक कळतो. ही सावधगिरी खाणीला शोभणारीच. पण खाणीच्या केबलला आपल्या यंत्रातून वायू सुटेल म्हणून सांगायची गरज काय? तारेचे कूळ खाणीचे असो, ३ व्होल्टचे बॅटरीचेच.

या भाषेचा पुढचा प्रवास ठाऊक असलेला: आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१८५१, त्याच्या आधारे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडून आलेले एआयएस-१३८, मग भारतीय मानक आयएस १७०१७. मध्येच, २०१७ मध्ये, ‘भारत डीसी-००१’ चार्जरसाठी चिनी जीबी/टी प्लग घेतला गेला. २०२३ मध्ये दुचाकींसारख्या हलक्या वाहनांसाठी एसी-डीसी एकत्र असलेला देशी कनेक्टरही मानक झाला. तो मूळचा विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या एथर कंपनीचा, आणि एथरचा कारखाना आनेकलची हद्द ओलांडताच लागणाऱ्या होसूरला आहे.

दरम्यान रेवाने २००९ मध्ये लिथियमची आवृत्ती आणली आणि २०१० मध्ये कंपनी महिंद्राकडे गेली. शिसे-आम्ल मात्र रस्त्यावरून गेले नाही. नागपूरसारख्या शहरांत धावणाऱ्या अनेक ई-रिक्षांत बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात, पुन्हा ४८ व्होल्ट, आणि त्या साध्या चार्जरवर रात्रभर लागतात. हवा खेळती ठेवा ही सूचना जिथे खरोखर हवी, तिथल्या प्लगमध्ये पायलटची पिनच नाही. शेडची खिडकी रिक्षावाल्यालाच आठवणीने उघडावी लागते.