धूर गेला, मग चिपरचा दमही गेला का?



छाटणीचा हंगाम आला की एक प्रश्न हमखास येतो: "कॉमन रेलच्या नवीन ट्रॅक्टरवर चिपर-श्रेडर चालतो का? त्यात जुन्याएवढा दम नाही म्हणतात." नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणार नाही. हे इंजिन असं का झालं, ते आधी बघू. चिपरवाल्यांना हा अनुभव आपल्या आधी अमेरिकेत आलाय.

तिकडे झाडं छाटणाऱ्यांच्या चिपरला बहुधा स्वतःचं डिझेल इंजिन असतं. अशा रस्त्याबाहेरच्या डिझेल इंजिनांना तिथे १९९६ पासून, मोठ्या इंजिनांपासून सुरुवात करून, धुराची मर्यादा आली. २००४ मध्ये 'टियर ४' हा कडक नियम जाहीर झाला आणि २००८ ते २०१५ दरम्यान टप्प्याटप्प्यानं लागू झाला. कारण साधं होतं. काजळीचे बारीक कण थेट फुप्फुसात जातात, आणि चिपरवाला दिवसभर सायलेन्सरशेजारीच उभा असतो. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला.

नियमाला एचपीच्या पायऱ्या होत्या. २५ एचपीच्या आत काजळीची मर्यादा सैल. ७५ च्या वर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा इतकी कडक, की बहुतेक इंजिनांना युरियाचं द्रावण लागू लागलं. म्हणून तिकडच्या चिपरवर २४.८ किंवा ७४ एचपी असे चमत्कारिक आकडे दिसतात. पायरी चुकवायला इंजिन अलीकडेच थांबवलेलं! काहींनी सरळ पेट्रोल इंजिनाचा पर्याय दिला.

आता दमाचं बघू. चिपरवरचा लोड सारखा नसतो. जाड फांदी आत गेली की इंजिन दबतं, फ्लायव्हील थोडा वेळ सांभाळून घेतं. जुन्या पंपाच्या इंजिनात आरपीएम पडल्यावरच गव्हर्नर डिझेल वाढवतो. कॉमन रेलमध्ये सेन्सर ते लगेच ओळखतो आणि आरपीएम धरून ठेवतो. म्हणजे लोड घ्यायला नवीन इंजिन उलट बरंच.

अडचण दुसरीकडे आहे. फांद्या गोळा होईपर्यंत चिपर रिकामा फिरतो. तेव्हा धूर गार राहतो आणि काजळी गाळणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, भरत जातो. त्यातली काजळी जाळायला साधारण ५५०-६०० अंश तापमान लागतं. ते कामात मिळालं नाही तर यंत्र उभं करून 'रिजनरेशन' करावं लागतं. ते टाळत राहिलं की कॉम्प्युटर ताकद कमी करतो. अमेरिकेत "नवीन चिपरला दम नाही" ही ओरड झाली त्यात याचा मोठा वाटा होता.

दुसरं म्हणजे रेडिएटर. ईजीआरमध्ये धुराचा काही भाग थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडतात. ती उष्णता पण रेडिएटरलाच काढावी लागते. त्यात चिपरचा भुसा जाळीवर बसला की इंजिन तापतं, आणि ताकद पुन्हा कमी.

आपल्याकडे ट्रॅक्टरला धुराचे नियम १९९९ पासून आहेत. ट्रेम-३ए २०१०-११ मध्ये आलं. ट्रेम-४ ऑक्टोबर २०२० ला यायचं होतं, ते पुढे ढकलत १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला लागलं. ५० ते ७५ एचपीच्या गटात काजळीची मर्यादा ०.४ वरून ०.०२५ ग्रॅमवर आली (दर किलोवॅट-तासाला). बाजारात ४९-५० एचपीचे इतके ट्रॅक्टर का दिसतात, ते आता लक्षात येईल. पायरी आपल्याकडेही आहेच.

आपले चिपर-श्रेडर बहुतेक पीटीओवर चालतात. म्हणून माझं मत असं: नवीन इंजिनाला घाबरू नका, कामाची पद्धत बदला.

• फांद्या आधी ओळीत लावा, मग यंत्र सुरू करा. रिकामं फिरवू नका.
• पीटीओचे ५४० आरपीएम धरून सलग भरणी करा.
• रेडिएटरची जाळी दिवसातून दोन-तीनदा झाडा, इंजिन बंद करून.
• पात्यांना धार ठेवा. बोथट पातं इंजिनाला विनाकारण दाबतं.
• डीपीएफ असेल तर रिजनरेशनची सूचना टाळू नका. पण त्या वेळी सायलेन्सर खूप तापतो, म्हणून ट्रॅक्टर आधी पाचट-भुशापासून लांब घ्या.

आणि ट्रॅक्टर घेण्याआधी विक्रेत्याला एवढं विचाराच: यात डीपीएफ आहे का, आणि उभ्यानं रिजनरेशन कसं करायचं? उत्तर नीट मिळालं नाही तर घाई करू नका.

५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर कुणी चिपरवर चालवत असेल तर तासाला डिझेल किती लागतं आणि फिल्टरचा दिवा किती तासांनी लागतो, ते कळवा. सगळ्यांच्या उपयोगाला येईल.