गोलकीपरच्या खात्यावर शून्यच!

राहुरीत आमच्या लहानपणी फुटबॉल क्वचितच खेळला जायचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन दगड ठेवले की झाला गोल. ज्याला धड पळता येत नाही त्याला तिथं उभं करायचं. बहुतेक वेळा तो मीच. गोल झाला की शिव्या मला, अडवला तर कुणी बघतही नसे. म्हणून ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव मला फार जवळचं वाटतं.

६ मार्च १९५४, गोव्यातल्या ताळगावात जन्म. तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा हा पोरगा सात वर्षांचा. राज्य गेलं, पण गावागावातला फुटबॉल राहिला. त्याच मातीतून हा गोलकीपर घडला. साळगावकर क्लबकडून ते वर्षानुवर्षं खेळले आणि पुढं देशाच्या संघात पोहोचले.

१९८२-८३ च्या संतोष करंडकात बंगालविरुद्धची अंतिम लढत गोलशून्य राहिली आणि गोवा-बंगाल संयुक्त विजेते ठरले. गोव्याचा हा पहिलाच करंडक. पुढच्याच वर्षी पंजाबला १-० ने हरवून गोव्यानं तो पुन्हा जिंकला. स्वातंत्र्य उशिरा मिळालेला एवढासा प्रदेश, मुक्तीनंतर वीस-बावीस वर्षांत देशाचा विजेता झाला! १९८३ ते १९८६ या काळात शंखवाळकर भारताचे कर्णधार होते.

आता कौतुकाचा हिशेब बघा. कर्णधारपद १९८३ ला. अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ ला, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पद्मश्री थेट २०२२ ला!

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. युरोपात १९५६ पासून वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला 'बॅलन डी'ओर' देतात. तो आजवर एकाच गोलकीपरला मिळालाय, सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिनला, १९६३ साली. गोल मारणाऱ्याचे आकडे फळ्यावर लागतात. अडवणाऱ्याची सगळी मेहनत शून्य शून्यच राहावं यासाठी.

आपल्या तालुक्यातही असे गोलकीपर आहेतच की. भर पावसात उसाच्या फडातून वाट काढत खांबावर चढणारा लाईनमन. टाकीत न चुकता क्लोरीन टाकणारा पाणीपुरवठ्याचा माणूस. घरोघरी फिरून लसीकरणाची आठवण करणारी आशाताई. गावात साथ आली नाही, तर त्याची बातमी होत नाही. लाईट गेली की मात्र पहिला फोन लाईनमनलाच, आणि तोही चिडून.

येत्या २६ जानेवारीला गावोगावी सत्कार होतीलच. पुढाऱ्यांना शाल-श्रीफळ द्या, आपली हरकत नाही. पण त्यातलं एक नारळ यंदा अशा माणसासाठी राखून ठेवा. तो रिटायर व्हायची वाट बघू नका.

तुमच्या गावातला असा माणूस कोण? कमेंटमध्ये त्याच्या कामाबद्दल लिहा.