उपाहारगृहांच्या फ्रँचायझीतील नाममुद्रेचा वापर

उपाहारगृहाची फ्रँचायझी म्हणजे एखाद्या प्रस्थापित व्यवसायाचे नाव, बोधचिन्ह व कार्यपद्धती ठरावीक मोबदल्यात आणि अटींवर वापरण्याची परवानगी. अमरावती वा अकोल्यात स्वतःचे भांडवल घालून शाखा उभारणारा व्यावसायिक भट्टीचा आणि फर्निचरचा मालक असतो, नावाचा नसतो. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. हे संबंध प्रामुख्याने करार कायदा, १८७२ आणि व्यापारचिन्ह कायदा, १९९९ यांच्या आधारे ठरतात.

कायदेशीर स्वरूप

मालकाशी लेखी करार करून त्याचे नोंदणीकृत चिन्ह वापरणारा ‘अनुज्ञात वापरकर्ता’ ठरतो. व्यापारचिन्ह निबंधकाकडे तशी नोंद झाल्यास तो ‘नोंदणीकृत वापरकर्ता’ होतो. महाराष्ट्रासाठीचे हे कार्यालय मुंबईत आहे. हा फरक कागदी वाटला, तरी तसा नाही. शेजारच्या चौकात कोणी मिळतेजुळते नाव लावले, तर नोंदणीकृत वापरकर्त्याला कराराच्या अधीन राहून स्वतः दावा लावता येतो. नोंद नसलेल्यास कलम ५३ मुळे तो हक्क नाही. त्याने मालकाला कळवायचे आणि वाट पाहायची. शिवाय कलम ४८ नुसार फ्रँचायझीधारकाने केलेला वापर हा मालकाचाच वापर मानला जातो. शाखेने वर्षानुवर्षे राबून मिळवलेला लौकिक अशा रीतीने मालकाच्या पदरी पडतो.

करारात सामान्यतः नावाचे लेखन, रंग, फलक, वेष्टने व जाहिराती यांना पूर्वमान्यता आवश्यक असते. नाममुद्रा स्वतःच्या संस्थेच्या नावात घालण्यासही बहुधा मनाई असते.

मराठी फलक

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या फलकावरील नाव देवनागरी लिपीत मराठीत असणे आणि त्याची अक्षरे इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही लागू झाला. फलकाची अक्षरे बदलू नयेत ही कराराची अट त्यापुढे टिकत नाही. राजकमल चौकातल्या शाखेने नावाचे देवनागरी लेखन मालकाकडून आधीच मंजूर करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

फलकावर नाव कोणाचेही असो, बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापावा लागतो. त्यावरून प्रत्यक्ष परवानाधारकाचा शोध घेता येतो.

करार संपल्यावर

ऑगस्ट २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने उत्तर व पूर्व भारतातील १६९ उपाहारगृहांचा करार रद्द केला आणि कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स या कंपनीस पंधरा दिवसांत नाव, चिन्हे व पाककृती यांचा वापर थांबवण्यास सांगितले. हा वाद २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. महाराष्ट्रातील शाखा हार्डकॅसल रेस्टॉरंट्स या वेगळ्या कंपनीकडे असल्याने त्यांना याची झळ पोहोचली नाही.

मालकाचा हक्कही निरपवाद नसतो. कलम ३४ आधीपासून सतत वापर करणाऱ्यास संरक्षण देते. पुण्यातील ‘बर्गर किंग’ हे उपाहारगृह त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने भारतात पहिली शाखा काढण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. त्यावर कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात अपील केले. फ्रँचायझी शुल्क भरण्यापूर्वी नावाची नोंदणी कोणाच्या नावे, कोणत्या वर्गात आणि कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे व्यापारचिन्ह नोंदवहीच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.